टोचणारी कोंबडी: आधी ती कधी टोचते ते बघा

वाईजवळच्या एका गावातल्या ताईंचा प्रश्न आहे. घरामागे चार गावरान कोंबड्या आहेत, कोंबडा नाही. त्यातली तांबडी कोंबडी आतापर्यंत सगळ्यांत माणसाळलेली होती, मुलीच्या हातून चपातीचे तुकडे खायची. फेब्रुवारी संपता संपता तिने अंडी काढायला गेलेल्या हाताला चोच मारायला सुरुवात केली, आता मनगटाला धरून पिळते. दाणे टाकताना पायाच्या बोटांनाही टोचते. पाच वर्षांच्या मुलीच्या हाताच्या पाठीवर जखम केली. सासूबाई म्हणतात कापून टाका. शेजारच्यांनी चोचीचं टोक तापलेल्या सुरीने उडवायचा सल्ला दिला आहे. सगळ्या कोंबड्यांना तांदळाची कणी आणि उरलंसुरलं अन्न मिळतं. जाता जाता ताईंनी आणखी एक गोष्ट लिहिली आहे: तांबडी दुपारभर अंडी घालायच्या पाटीतच बसून असते, आणि अंडीही बंद झाली आहेत.

ताई, तुमचं उत्तर या शेवटच्या वाक्यात आहे. तुमची कोंबडी खुडूक झाली आहे, म्हणजे अंडी उबवायला बसली आहे. पण पाटीतली चोच आणि पायाच्या बोटांवरची चोच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची कारणं वेगळी, उपायही वेगळे. पुष्कळ लोक इथेच गोंधळतात. ‘कोंबडी मारकी झाली’ असं एकदा ठरवलं की प्रत्येक टोच रागाचीच वाटायला लागते. कोंबडीला हात नाहीत. चाखायचं, चाचपायचं, मागायचं, हाकलायचं, सगळं ती चोचीनेच करते. म्हणून ती कधी, कुठे आणि शरीर कसं ठेवून टोचते हे चार दिवस बघायचं आणि मगच उपाय करायचा.

आधी खुडूकपणाचं बोलू. गावरान कोंबडी साधारण बारा-पंधरा अंडी देऊन झाली की अंड्यावर बसायला बघते. उन्हाळ्याच्या तोंडावर, दिवस मोठा व्हायला लागला की हे जास्त दिसतं. अंगात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं, अंडी थांबतात, छातीपोटाची पिसं गळून कातडी उघडी पडते, कारण अंड्याला ऊब थेट कातडीची लागते. तुरा फिकट होऊन आक्रसतो. ती दिवसातून एखाद्या वेळेलाच उठते, घाईने खाते, पाणी पिते, एकदाच मोठी आणि उग्र वासाची विष्ठा टाकते आणि पुन्हा पाटीत जाते. खात्री करायची असेल तर पाटीजवळ शांत उभ्या राहा. साधी अंडं घालायला बसलेली कोंबडी तुम्हाला बघून मान उंचावते, फार जवळ गेलात तर उठून पळते. खुडूक कोंबडी पाटीत चपटी पसरते, पाठीची आणि मानेची पिसं फुलवते, शेपूट पंख्यासारखं उघडते आणि घशातून खोल ‘कुर्र’ काढते. हा इशारा असतो. तो ऐकूनही हात पुढे आला तर मग ती चोच मारते. मारून सोडत नाही, कातडी चिमटीत धरून मान फिरवते. मनगटाला पिळते असं तुम्ही लिहिलंत, ते हेच. पाटीत अंडी असोत-नसोत, तिच्या लेखी ती रवणाला, म्हणजे अंडी उबवायला, बसलेली आहे आणि तुमचा हात चोर आहे. यात माणसाशी वैर नाही. खुडूकपणा उतरला की हीच कोंबडी पुन्हा पायात घोटाळेल.

आता तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. पिल्लं हवी असतील तर तिला अंडी द्या, नको असतील तर तिचा खुडूकपणा मोडा. तसंच बसू देणं मात्र वाईट. तुमच्याकडे कोंबडा नाही, म्हणजे तुमच्या अंड्यांतून पिल्लू कधीच निघणार नाही. पिल्लं निघाली की कोंबडी उठते, निघालीच नाहीत तर पुष्कळदा एकवीस दिवसांनंतरही उठत नाही. पोटाला चिमटा काढून बसून राहते, वजन उतरतं, अंगात उवा होतात, आणि कोकणात-घाटावर मार्च-एप्रिलच्या उन्हात अशी कोंबडी पाण्यावाचून पाटीतच आडवी झालेली सापडते.

पिल्लं काढायची असतील तर ज्यांच्याकडे कोंबडा आहे अशा घरून दहा-बारा अंडी आणा. या दिवसांत चार-पाच दिवसांहून जुनी घेऊ नका, उष्म्याने अंडी लवकर खराब होतात. रात्री अंधार पडल्यावर, दिवा न लावता, एकेक अंडं तिच्या पोटाखाली सरकवा. कोंबडीला अंधारात फारसं दिसत नाही, त्यामुळे रात्री ती सहसा टोचतही नाही. सातव्या-आठव्या रात्री अंधारात अंड्यामागे टॉर्च धरून बघा. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर अंडं फळलेलं आहे, नुसतं पिवळसर स्वच्छ दिसलं तर काढून टाका. एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर येतील. पण एक लक्षात ठेवा, लहान मूल घरात आहे म्हणून सांगते: पिल्लंवाली कोंबडी खुडूक कोंबडीपेक्षाही तिखट असते. खुडूक कोंबडी पाटीत बसून टोचते, पिल्लंवाली अंगावर उडून येते, नखं आणि पंख दोन्ही वापरते. पिल्लं दोन महिन्यांची होईपर्यंत मुलीला त्या भागात एकटं सोडता येणार नाही. तुमच्या घरात मी या वर्षी पिल्लांच्या भानगडीत पडले नसते.

खुडूकपणा मोडायचा म्हणजे पोटाखालची ऊब काढून घ्यायची, एवढंच. त्यासाठी सगळ्यांत सोपी वस्तू म्हणजे भाजीचा प्लॅस्टिकचा क्रेट. तळाला आणि बाजूंना भोकं असलेले दोन क्रेट घ्या. एक सरळ, चार विटांवर ठेवा, म्हणजे खालून वारा खेळेल. त्यात कोंबडी ठेवा आणि दुसरा उलटा वर झाकून सुतळीने बांधा. आत पाचट, भुसा, पोतं काही घालायचं नाही. पाण्याची वाटी आणि खाद्याची वाटी बांधून ठेवा, म्हणजे कलंडणार नाही. सावलीत, पण इतर कोंबड्या दिसतील अशा जागी ठेवा. रात्री मांजर, मुंगूस, कुत्रं यांच्यापासून जपायला क्रेट पडवीत आणा, खालच्या विटा मात्र तशाच राहू द्या. पोटाला गार वारा लागला, दबून बसायला मऊ जागा मिळाली नाही की अंगातली ती लाट ओसरते. बहुतेक कोंबड्या तीन-चार दिवसांत सुटतात. चौथ्या दिवशी सकाळी सोडा आणि बघा. मातीत लोळायला गेली, दाणे टिपायला लागली तर काम झालं. सरळ पाटीकडे धावली आणि पिसं फुलवून बसली तर आणखी दोन दिवस क्रेटमध्ये. पाटी तोपर्यंत उचलून ठेवा, बाकीच्यांना दुसरीकडे जागा करून द्या. पुढचं अंडं यायला एक ते तीन आठवडे लागू शकतात, तेवढ्यात ‘अंडी देत नाही’ म्हणून तिला दोष देऊ नका.

आपल्याकडे खुडूक कोंबडीला बादलीत बुडवतात, नाकपुडीतून पीस आरपार घालतात, पाय बांधून उन्हात टाकतात. हे करू नका आणि करणाऱ्याला करू देऊ नका. नाकातल्या पिसाने ती धड श्वास घेऊ शकत नाही, नाक पिकतं, आणि ‘गुण आला’ असं जे वाटतं ती नुसती दुखण्याने झालेली गप्पगार अवस्था असते. क्रेट तेवढ्याच दिवसांत, बिनदुखापत काम करतो.

अंडी काढण्याची रीतही बदला. कोंबड्या बहुधा सकाळी ते दुपारपर्यंत अंडं घालतात. दुपारी एकदा आणि संध्याकाळी एकदा, त्या दाणे टिपायला बाहेर असताना अंडी काढली की हात-चोचीची गाठच पडत नाही. बसलेल्या कोंबडीखालून काढायचीच असतील तर हात वरून नेऊ नका. वरून येणारी सावली म्हणजे घार, हे कोंबडीला पिल्लू असल्यापासून ठाऊक असतं. बाजूने, पाटीच्या काठालगत, तळहात वर करून हात छातीखाली सरकवा. दुसऱ्या हातात वहीएवढा पुठ्ठा धरा, तो तिच्या डोक्याच्या आणि तुमच्या मनगटाच्या मधे राहू द्या. ती पुठ्ठ्याला टोचेल, टोचू दे. लांब बाह्यांचा जुना शर्ट किंवा मनगटावर ओढलेला जाड मोजा पुरतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, तिने धरलंच तर हात झटकन मागे ओढू नका. ओढल्याने कातडी सोलली जाते, शिवाय तिला कळतं की टोचलं की हात पळतो. हात तिथेच स्थिर ठेवा, उलट किंचित पुढे रेटा, ती सोडून देईल. मग सावकाश काढा.

आता पायाच्या बोटांचं. तुम्ही पायात जोडवी घालता का? नेलपॉलिश? पैंजण? दाणे टाकताना चप्पल असते की पाय मोकळे? कोंबडीला रंग आपल्यापेक्षा जास्त बारकाईने दिसतात आणि जमिनीलगत चमकणारी प्रत्येक बारकी वस्तू तिच्या लेखी आधी खाद्य असते, नंतर काय ते. चांदीचं जोडवं, लाल नख, तीळ, डास चावून आलेली खपली, यावर ती नेमकी टोच मारते. ही टोच हलकी, चटकन आणि एकाच जागी असते. पिसं फुललेली नसतात, ‘कुर्र’ नसतो, मान तिरकी करून एक डोळा त्या वस्तूवर लावलेला असतो. आठवडाभर बंद बूट घालून दाणे टाकून बघा. टोचणं थांबलं तर कारण सापडलं. हिरव्या काचेच्या बांगड्या आणि अंगठीचंही तेच.

त्याला जोड मिळाली आहे ती चपातीच्या तुकड्यांची. तुमच्या मुलीने मायेनेच भरवलं, पण त्यातून तांबडी एक धडा शिकली: माणसाचा हात आला की खायला मिळतं, आणि जी आधी चोच मारते तिला आधी मिळतं. आता हात रिकामा असला तरी ती मागते, आणि उशीर झाला की जोरात मागते. मुलीच्या हाताच्या पाठीवरची जखम मला याच प्रकारातली वाटते. उपाय सोपा आहे, फक्त घरातल्या सगळ्यांनी तो एकसारखा पाळायला हवा. हातातून भरवणं बंद, अगदी पाहुण्यांनाही. खाद्य भांड्यात, ठरलेल्या जागी, सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी. आत जाताना आधी मूठभर दाणे लांब फेका, कोंबड्या तिकडे वळल्या की मग पुढे व्हा. मुलीला भरवायचंच असेल तर तिने जाळीबाहेरून ताटलीत टाकावं. पहिले आठ-दहा दिवस तांबडी जास्तच मागे लागेल, कारण चालत आलेली गोष्ट एकाएकी बंद झालेली असते. तेवढ्यात कुणी कळवळून एक तुकडा दिला की सगळं मुसळ केरात.

कणीबद्दलही बोलायला हवं. तांदळात प्रथिनं सात-आठ टक्क्यांच्या आसपास असतात, अंड्यावरच्या कोंबडीला सोळा टक्क्यांच्या पुढे लागतात. मोकाट फिरणारी कोंबडी किडे, वाळवी, कोवळं गवत खाऊन ती तूट भरून काढते. पण मार्चनंतर जमीन सुकते, किडे कमी होतात, आणि प्रथिनांना भुकेली कोंबडी एकमेकींची पिसं उपटते, माणसाच्या अंगावरही काहीबाही टिपायला बघते. रोजच्या खाद्यात निम्मं तरी लेयर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य) घाला. जमत नसेल तर कणीत भुईमुगाची पेंड आणि बाजारातली सुकटीची चुरी मिसळा, शिंपल्याची भरड वेगळ्या वाटीत ठेवा. पेंडीला बुरशीचा वास आला तर ती फेकून द्या, जनावरालाही घालू नका. मीठ वरून अजिबात टाकू नका, जास्त मिठाने कोंबडी मरते. आणि पाणी. एका कोंबडीला दिवसाला पाव लिटरच्या आसपास लागतं, उन्हाळ्यात त्याच्या दुपटीपर्यंत. दुपारी भांडं कोरडं पडलं की सगळ्या जणी पहिल्या दिसणाऱ्या माणसावर धावून येतात.

एकदा रात्री टॉर्च घेऊन खुराड्यात जा. बसायच्या काठीच्या खालच्या बाजूला, फटींत, राखाडी-लाल रंगाचे बारीक किडे हलताना दिसतात का बघा. हे दिवसा लाकडात लपतात आणि रात्री कोंबडीचं रक्त पितात. अंगाला सतत खाज असलेली कोंबडी चिडखोर होते, शिवून घेत नाही. तांबडी अंगाला हात लावू देत असेल तेव्हा तिच्या शेपटीखाली, पिसांच्या बुडाशी उवांच्या अंड्यांचे पांढरे गुच्छ आहेत का तेही बघा. काठ्या उन्हात टाका, फटींना चुना द्या, लोळायला कोरडी माती आणि चुलीची राख यांचा खड्डा करून द्या. औषध फवारायचं असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून, त्यांनी सांगितलेल्या प्रमाणातच. शेतावरचं कीटकनाशक कोंबडीवर मारू नका. तुमच्या कोंबडीच्या बाबतीत हे मुख्य कारण नसेल, पण बसलेल्या कोंबडीत किडे फार लवकर वाढतात म्हणून लिहिलं.

‘ती मला खालची समजते, तिला धाक दाखवायला हवा’ असंही पुष्कळ जण सांगतील. कोंबड्यांत मानाची उतरंड असते हे खरं. नॉर्वेच्या टोर्लेइफ श्जेल्डरुप-एब्बे यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला ती शास्त्रशुद्ध मांडली: कोण कुणाला टोचते आणि कोण निमूट टोचून घेते यावरून कळपातली प्रत्येकीची जागा ठरते. पण ही उतरंड कोंबड्यांची आपसातली आहे. माणसाला आव्हान देणारी कोंबडी विरळा, कोंबडा मात्र देतो. आव्हान देणारं पाखरू सरळ येत नाही. एक पंख जमिनीला घासत तिरकं तिरकं येतं, मानेची पिसं उभी असतात, नजर हलत नाही. असं दिसलं तर पळायचं नाही आणि लाथही मारायची नाही. लाथ त्याला लढाईचं आमंत्रण वाटते. पुढ्यात सूप किंवा टोपलीचं झाकण धरून जागेवर उभं राहायचं, शांतपणे त्याला बाजूला सारायचं. कोंबडी असेल तर दोन्ही पंख दाबून बगलेत धरा, पाय तळहातात घ्या, आणि अंग सैल सुटेपर्यंत तसंच धरून चाला. ओरडू नका, डोक्यावर टपल्या मारू नका. वर्णनावरून तुमच्या तांबडीत हा प्रकार मला दिसत नाही.

चोचीचं टोक उडवायचा सल्ला अजिबात ऐकू नका. चोच म्हणजे नख नव्हे, तिच्या आत हाड आहे, रक्त आहे, आणि टोकाशी मज्जातंतूंचं दाट जाळं आहे. मोठ्या पोल्ट्रीत चोच कापतात ती पिल्लं काही दिवसांची असताना, यंत्राने, आणि त्यावरही जगभर आक्षेप आहेत. वाढलेल्या कोंबडीची चोच घरच्या सुरीने कापली तर तिला कायमचं दुखणं लागतं, दाणा नीट टिपता येत नाही, पिसं साफ करता येत नाहीत, म्हणून किडे आणखी वाढतात.

सासूबाईंच्या म्हणण्यावर माझं मत सरळ आहे. घरच्या कोंबड्या कधीतरी कापल्या जातातच, त्यात मला गैर वाटत नाही. पण खुडूक होते म्हणून गावरान कोंबडी कापणं म्हणजे चांगलं बियाणं दळून खाणं. वनराज, ग्रामप्रिया, गिरिराज यांसारख्या सुधारित जाती अंडी भरपूर देतात, पण त्या सहसा रवणाला बसत नाहीत. पिल्लं काढायची तर मशीन तरी हवं नाहीतर अशी तांबडी हवी. पुढच्या वर्षी मुलगी थोडी मोठी झाली की याच कोंबडीखाली तुम्ही शेजारणीची अंडीही उबवून द्याल. हां, खुडूकपणा उतरला, पिल्लं नाहीत, खाणंपिणं-तब्येत ठीक, आणि तरीही ती अंगावर येतच राहिली, तर लहान मूल असलेल्या घरात तिला ठेवू नका. मूल नसलेल्या घरी द्या किंवा सासूबाईंचं ऐका.

सासूबाईंच्या पायाच्या शिरा फुगलेल्या असतील तर त्यांनीही खुराड्यात उघड्या पायांनी जाऊ नये. ऑस्ट्रेलियात अंडी गोळा करायला गेलेल्या एका वृद्ध बाईंच्या पायाच्या फुगलेल्या शिरेवर कोंबड्याने चोच मारली आणि रक्तस्राव न थांबल्याने त्या दगावल्या. डॉक्टरांनी २०१९ मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध केली. असं क्वचित घडतं, पण जाड पायजमा आणि बूट घालायला काही लागत नाही. मुलीच्या बाबतीत भीती डोळ्यांची. तिने कोंबड्यांसमोर उकिडवं बसायचं नाही, पाटीत वाकून तोंड घालायचं नाही, आणि तांबडी क्रेटमधून सुटून आठवडा होईपर्यंत मोठं माणूस सोबत असल्याशिवाय आत जायचं नाही.

तिची जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने नीट धुतली होती ना? कोंबडीच्या चोचीने रेबीज होत नाही, तो सस्तन प्राण्यांचा आजार आहे, त्यामुळे त्याची धास्ती नको. पण चोच मातीत आणि विष्ठेत फिरत असते. मुलीच्या लसीकरणाच्या कार्डावर पाच वर्षांचा डोस झाला आहे का बघा, धनुर्वाताची लस त्यातच असते. राहिला असेल तर तो याच आठवड्यात घ्या. कोंबड्यांना हात लावला की साबणाने धुतल्याशिवाय तोंडात बोट जाणार नाही हे तिच्या अंगवळणी पाडा, विष्ठेतून साल्मोनेलाचे जंतू पोटात जातात. आणि जखमेभोवती लाली पसरली, हात गरम लागला, ठणका वाढला किंवा ताप आला तर हळदीवर थांबू नका, त्याच दिवशी दवाखान्यात दाखवा.